मेंदूतली पणती

मराठी भाषेत डोक्याचा आणि दिव्याचा संबंध फार जुना आहे. एखादी गोष्ट उशिरा कळली की ‘आत्ता कुठे डोक्यात उजेड पडला’ असे आपण म्हणतो. गुणी मुलाला कुलदीपक म्हणतो. आणि नापास होऊन आलेल्या मुलाचे स्वागतही ‘काय दिवे लावलेत!’ असेच करतो. मुलगा कसाही निघो, दिवा त्याच्या वाट्याला येतोच. वर्गात शब्दशक्ती शिकवताना ही उदाहरणे मला फार उपयोगी पडतात. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, आणि लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही म्हणून घ्यावा लागणारा दुसरा. डोक्यात खरोखरचा दिवा कोणी लावीत नाही, म्हणून तेथे लक्षणा मानायची, एवढे सांगितले की मुले माना डोलावतात आणि तास सुखाने पार पडतो.

परंतु गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी आम्हां मराठीच्या प्राध्यापकांची पंचाईत करून ठेवली आहे. ते डोक्यात खरोखरच दिवा लावू लागले आहेत. डोके उंदराचे असते, आणि दिवा डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी दिसेल न दिसेल इतका बारीक असतो, ही गोष्ट वेगळी. पण दिवा खरा, त्याचा उजेड खरा, आणि तो उजेड पडल्याबरोबर उंदराच्या मेंदूत जे घडते तेही खरे.

माझे हे सदर नियमाने वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की, भाषेचे अंगण सोडून मी सहसा बाहेर पडत नाही. विजेशी माझा संबंध दिवे गेले की मेणबत्ती शोधण्यापुरता. तरीही या दिवाळीला हा विषय घेतला, त्याला दोन कारणे आहेत. एक तर दिवाळी अंकात थोरामोठ्या दिव्यांची वर्णने पुष्कळ येतात; या अगदी धाकट्या दिव्याचीही कोणी तरी विचारपूस करावी असे मला वाटले. दुसरे कारण घरातले आहे. ते ओघाने येईलच.

आधी एक साधा प्रश्न. मेंदूत दिवा लावायचाच कशाला?

मेंदूतील चेतापेशी एकमेकींशी विजेच्या भाषेत बोलतात. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८६ अब्ज आहेत. त्यांची बोली विजेची, तेव्हा त्यांच्याशी बोलायचे तर विजेनेच बोलावे, असे माणसाला वाटले यात नवल नाही. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हित्झिग या दोन डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर मंद वीजप्रवाह सोडला. ठराविक जागी तार टेकवली की कुत्र्याच्या विरुद्ध बाजूचा पाय हलतो, असे त्यांना दिसले. हे प्रयोग हित्झिगच्या राहत्या घरात चालले होते, तेव्हा सौ. हित्झिगबाईंच्या सहनशीलतेचेही कौतुक केले पाहिजे.

पुढे शंभरएक वर्षांनी याच वाटेने एक मोठा उपचार निघाला. १९८७ साली फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे आलिम-लुई बेनाबिद या शल्यवैद्याने मेंदूत खोलवर तार बसवून, तिच्यातून विजेचे वेगवान ठोके सतत देऊन, हाताचा कंप थांबवून दाखवला. आज कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रोग्यांवर ही शस्त्रक्रिया जगभर होते, आपल्याकडेही होते. छातीच्या कातडीखाली बॅटरीची डबी, तेथून मानेतून वर गेलेली तार, आणि मेंदूत उतरलेले तिचे टोक, असा तो सरंजाम असतो. रोग त्याने जात नाही. पण ज्यांना घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता अशा हजारो माणसांच्या हाती पुन्हा चमचा आला आहे.

पण विजेत एक खोड आहे. तिला माणूस ओळखता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात गिरण्या चालू होत्या त्या काळी पहाटे भोंगा वाजे. तो वाजे पहिल्या पाळीच्या कामगारांसाठी. पण त्याने रात्रपाळी करून नुकताच पाठ टेकलेला शेजारीही जागा होई, आणि मोठ्या मुश्किलीने निजवलेले तान्हे मूलही. मेंदूत सोडलेली वीज ही अशीच भोंग्याच्या जातीची आहे. मेंदूच्या मोहरीएवढ्या जागेतही निरनिराळा धंदा करणाऱ्या पेशी दाटीवाटीने, भिंतीला भिंत लावून राहत असतात. कोणी हालचालीला मुभा देणारी, कोणी तिला आवर घालणारी. तार टेकवली की या सगळ्याच दचकून उठतात.

फ्रान्सिस क्रिक हे नाव आपल्याला डीएनएच्या गोफामुळे ठाऊक आहे. उतारवयात हा गृहस्थ मेंदूकडे वळला. १९७९ साली त्याने लिहिले की, मेंदू समजून घ्यायचा असेल तर बाकीच्यांना धक्का न लावता एकाच जातीच्या पेशींना हाताळण्याची युक्ती सापडली पाहिजे. पुढे १९९९ मध्ये त्याने सुचवले की, यासाठी उजेड हे उत्तम साधन ठरेल. आणि ही कल्पना जरा दूरची वाटते, असेही प्रांजळपणे म्हटले. २००४ साली तो गेला. ती दूरची गोष्ट पुढच्याच वर्षी दारात येऊन उभी राहिली.

ती आली डबक्यातून. क्लॅमिडोमोनास नावाचे एकपेशीय हिरवे शेवाळ गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत राहते. आकार मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा. त्याला डोके नाही, मेंदू नाही. पण उजेड कोणीकडून येतो ते त्याला समजते, आणि दोन बारीक शेपट्या हलवीत ते उजेडाकडे पोहत जाते. उजेडावरच त्याचे पोट आहे. जर्मनीतील पेटर हेगेमान, गेऑर्ग नागेल आणि एर्न्स्ट बामबर्ग यांनी २००२ आणि २००३ या दोन वर्षांत दाखवून दिले की, या शेवाळाजवळ एक विलक्षण प्रथिन आहे. ते पेशीच्या भिंतीत दारासारखे बसलेले असते. निळा उजेड पडला की दार उघडते आणि बाहेरचे विद्युत्‌भारित कण आत शिरतात. या प्रथिनाचे नाव चॅनेलऱ्होडॉप्सिन. उजेड टिपणारा त्याचा भाग अ जीवनसत्त्वापासून बनलेला असतो; आपल्या डोळ्यांतही उजेड टिपण्याचे काम तोच पदार्थ करतो. गाजरे खा, पालेभाज्या खा, असा धोशा लावणाऱ्या आपल्या आज्या आणि डबक्यातले शेवाळ यांचे या एका मुद्द्यावर पूर्ण एकमत आहे.

आता गंमत अशी की, आपल्या चेतापेशीही जाग्या होतात त्या अशीच दारे उघडून. मग शेवाळाचे दार चेतापेशीला बसवले तर? २००५ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील कार्ल डायसरॉथ आणि एड बॉयडन यांनी नागेल व बामबर्ग यांना सोबत घेऊन हे करून दाखवले. ते प्रथिन कसे घडवावे याची कृती ज्यात लिहिलेली असते ते शेवाळाचे जनुक त्यांनी घेतले, नखे काढलेल्या वाघासारख्या निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर ते लादले, आणि तो विषाणू बशीत वाढवलेल्या उंदराच्या चेतापेशींत सोडला. पेशींनी ती कृती वाचून आपापल्या भिंतीत दारे बसवून घेतली. निळ्या उजेडाची उघडझाप केली की पेशी त्याच तालावर, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या हिशेबाने, जाग्या होऊ लागल्या.

सगळी खुबी यापुढेच आहे. जनुकाबरोबर असा पत्ता लिहून देता येतो की, ठराविक जातीच्या पेशींनीच ते पाकीट उघडावे. इतरांनी ते तसेच ठेवावे. मग उजेड सगळ्या आळीवर पडला तरी दार उघडते ते ज्यांच्याकडे बसवले आहे त्यांचेच. भोंग्याच्या जागी नाव घेऊन मारलेली हाक आली. या विद्येला ऑप्टोजेनेटिक्स असे भारदस्त नाव आहे. मी आपली मनातल्या मनात तिला ‘उजेडाची हाक’ म्हणते.

या हाकेने काय साधते याचे एक उदाहरण सांगते, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. मेंदूच्या गाभ्यात हालचालींचा कारभार पाहणारे एक ठाणे आहे. तेथे दोन जातींच्या पेशी डाळतांदळासारख्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक जात हालचालीची वाट मोकळी करते, दुसरी लगाम ओढते. विजेच्या तारेला त्या निवडता येणे शक्यच नव्हते. २०१० साली सॅन फ्रान्सिस्को येथील शास्त्रज्ञांनी उजेडाने ते निवडणे करून दाखवले. धडधाकट उंदराच्या लगाम ओढणाऱ्या पेशींवर उजेड पाडला, तर तो कंपवाताच्या रोग्यासारखा जागच्या जागी खिळू लागला. उलट, कंपवातासारखा विकार जडवलेल्या उंदरांच्या वाट मोकळी करणाऱ्या पेशींवर उजेड पाडला, तर ते पुन्हा हिंडूफिरू लागले. ठाणे एकच, उजेड एकच. कोणाला हाक मारली एवढाच फरक.

परंतु मेंदू हा कवटीच्या आतल्या काळोखात राहतो, आणि निळा उजेड त्याच्या मांसल गाभ्यात मिलिमीटरभर गेला न गेला तोच विरून जातो. तेव्हा उजेड नेऊन सोडायचा कसा? पहिल्या प्रथम काचेचा केसासारखा तंतू कवटीतून आत घालीत आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला लेसरचा दिवा ठेवीत. काम होई, पण उंदीर दोरीला बांधलेल्या वासरासारखा होई. तो बिळात शिरेना, दुसऱ्या उंदराशी धड भांडेना. बांधलेल्या प्राण्याचे मन मोकळे असताना कसे चालते, हे कळणार कसे?

म्हणून मग दिवाच आत ठेवायचे ठरले. २०१३ साली इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल ब्रुखास यांच्या मंडळींनी जो दिवा तयार केला त्याची मापे ऐका. लांबी ५० मायक्रोमीटर, रुंदी ५० मायक्रोमीटर, आणि जाडी जेमतेम साडेसहा मायक्रोमीटर. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दारात रांगोळीशेजारी सांडलेला तांदळाचा एक दाणा उचलला, तर त्याच्या लांबीवर हे दिवे एका ओळीत शंभराहून अधिक मांडता येतील. असे काही दिवे एका पातळ, लवचिक पट्टीवर बसवतात. पट्टी इतकी मऊ की ती एकटी मेंदूत शिरू शकत नाही. म्हणून ती एका बारीक सुईला चिकटवतात. चिकटवायला डिंक कसला, तर रेशमाच्या प्रथिनाचा! सुई आत गेली की शरीरातल्या ओलाव्याने काही मिनिटांत तो डिंक विरघळतो, सुई बाहेर काढून घेतात, आणि मऊ पट्टीवरचे दिवे आत राहतात. पैठणीचे रेशीम मोठे, हे आपण जाणतोच. त्याच्या गुणांत आता हाही एक मांडायला हरकत नाही.

या दिव्यांना तारही नको. उंदराच्या डोक्यावर टोपीसारखा एक चिमुकला तुकडा बसवला की तो हवेतल्या रेडिओलहरींतून शक्ती घेतो आणि दिव्याला देतो. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, स्टॅनफर्डमध्ये एडा पून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही टोपीही काढून टाकली. त्यांचे सगळे यंत्र, दिव्यासकट, मिऱ्याएवढे आणि २० ते ५० मिलिग्रॅम वजनाचे. ते कातडीखाली पुरते दडून बसे आणि उंदराला वावरायला मोकळीक राही.

हा निळा दिवा आपल्या अगदीच अनोळखी आहे असेही नाही. बाल्कनीच्या कठड्याला आपण ज्या विजेच्या माळा गुंडाळतो, त्यांतल्या निळ्या दिव्याचेच हे शेंडेफळ. अशा जातीचा लाल दिवा १९६२ सालीच निघाला होता. निळ्याने मात्र शास्त्रज्ञांना तीस वर्षे झुलवले. गॅलियम नायट्राइड नावाच्या हट्टी पदार्थाशी झुंजून तो पेटवल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी तो पेटवला तेव्हा डबक्यातल्या शेवाळाला नेमका हाच रंग लागतो, हे त्यांच्या गावीही नसणार.

आता घरातले कारण.

माझे मामा साताऱ्याकडे एका शाळेत चित्रकला शिकवीत. दर दिवाळीला आम्हां भाच्याभाच्यांना त्यांच्या हातचे भेटकार्ड येई. वर चित्र, खाली टपोऱ्या अक्षरांत आशीर्वाद. सहा वर्षांपूर्वी त्यांना कंपवात जडला. या रोगात हात थरथरतो हे सर्वांना माहीत असते. अक्षर बारीक बारीक होत जाते हे फारसे कोणाला माहीत नसते. मामांचे अक्षर दर दिवाळीला लहान होत गेले. गेल्या वर्षीचा आशीर्वाद मुंग्यांच्या रांगेसारखा होता. मी तो भिंग लावून वाचला. यंदा औषधांचा गुण कमी पडू लागला, तेव्हा डॉक्टरांनी तारेची शस्त्रक्रिया सुचवली. घरात खल सुरू झाला. मामींचे म्हणणे, मेंदूला हात लावू नये. त्यांच्या मुलाचे म्हणणे, लावावा. मी त्या निमित्ताने वाचू लागले आणि वाचता वाचता या दिव्यापाशी येऊन पोचले. सुटीत गेले तेव्हा मोठ्या उत्साहाने मामांना सगळे सांगितले. शेवाळ, रेशीम, तांदळाचा दाणा, काही सोडले नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग थरथरता उजवा हात डाव्या हातात धरून म्हणाले, “सगळं छान आहे. पण मला एक सांग, त्या दिव्याचं बटण कोणाच्या हातात असतं?”

मी म्हणाले, “म्हणजे कसं?”

“अगं, माझा हात माझं ऐकत नाही, ते मी सोसतोय. उद्या माझं मनच दुसऱ्या कोणाचं तरी ऐकायला लागलं, तर?”

मला पटकन उत्तर देता आले नाही. नंतर पुस्तके चाळताना ध्यानात आले की, मामांचा प्रश्न नवा नाही. १९६० नंतरच्या दशकात स्पेनमध्ये कॉर्डोबा येथे होसे डेलगादो या शास्त्रज्ञाने एका झुंजीच्या बैलाच्या मेंदूत तारा बसवल्या आणि स्वतः रिंगणात उतरला. बैल चाल करून आला. डेलगादोने हातातल्या रेडिओयंत्राचे बटण दाबले, आणि बैल थबकला. त्या बैलाच्या मनात काय होते, तो राग विसरला की नुसता गोंधळला, यावर विद्वानांचे मतभेद झाले. एका गोष्टीवर मात्र मतभेद होण्याचे कारण नव्हते. बटण बैलाच्या हातात नव्हते.

मग बटण ज्याचे त्याच्या हाती दिले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. तेही करून पाहिलेले आहे. १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत तारा बसवून विजेची कळ उंदरांच्याच पायाशी ठेवली. मेंदूतील काही जागी तारेचे टोक असले, तर उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबीत बसत. वर सांगितलेल्या २०१३ च्या दिव्यानेही असेच घडले. सुखाची भावना जागवणाऱ्या पेशींपाशी दिवा ठेवला आणि एका भोकात नाक खुपसले की तो लागेल अशी व्यवस्था केली, तेव्हा उंदीर आपणहून पुन्हा पुन्हा तेथे नाक खुपसायला शिकले. बटण त्यांचेच होते, आणि तेच बटणाचे झाले होते. रात्री अकरा वाजता ‘एकच पाहतो’ म्हणून मोबाइल हाती घेणाऱ्याला आणि एक वाजता तो खाली ठेवणाऱ्याला हे अधिक समजावून सांगावे लागू नये.

त्याच २०१३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत याहूनही खोल पाणी ढवळले गेले. उंदराला एका पेटीत फिरू दिले आणि त्या पेटीची आठवण ज्या पेशींत साठली त्यांना उजेडाची दारे बसवली. मग त्याला दुसऱ्याच पेटीत ठेवून, उजेडाने पहिल्या पेटीची आठवण जागवली आणि त्याच वेळी पायाला विजेचा झटका दिला. पुढे तो उंदीर पहिल्या पेटीत गेला की भीतीने गोठून उभा राही. त्या पेटीत त्याला कधी कोणी दुखावलेले नव्हते. न घडलेल्या गोष्टीची भीती त्याच्या मनात उजेडाने लिहिली गेली होती.

हे सगळे वाचून दोन प्रकारची माणसे दोन टोकांना पळतात. एक म्हणतात, हे थांबवा. दुसरे म्हणतात, विज्ञान थांबत नसते. मामांच्या खाटेशी बसले की ही दोन्ही टोके दूरची वाटतात. त्यांना कपाला हात घालायचा असतो आणि हात भलतीकडे जातो. त्या वेळी ‘मनुष्याच्या मेंदूचे पावित्र्य’ या विषयावर त्यांना व्याख्यान देणे हा निर्दयपणा आहे. आणि त्यांची भीतीही खोटी नाही.

मला वाटते, बटण कोणाच्या हातात आहे या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: दिवा कोणाचे ऐकतो? कुंचला उचलावा ही इच्छा मामांची आहे. ती हातापर्यंत पोचता पोचता वाटेत हरवते. तार असो की दिवा असो, त्या हरवलेल्या इच्छेला तो हातापर्यंत पोचवीत असेल, तर तो मामांचा सेवक आहे. मग त्याची मात्रा बसवणारी बोटे डॉक्टरांची असली तरी हरकत नाही. चष्म्याचा नंबरही दुसराच माणूस काढतो. पाहायचे काय ते आपण ठरवतो. पण ज्या दिवशी दिवा इच्छाच पुरवू लागेल, काय आवडावे, कशाला भ्यावे, काय आठवावे हे सांगू लागेल, त्या दिवशी बटण आपल्या हातात असूनही आपण त्याचे सेवक झालो असे समजावे. ही रेघ कागदावर सरळ दिसते. मेंदूत ती तशी सरळ नसणार. उदासीनतेने खचलेल्या माणसाला पुन्हा जगावेसे वाटू लागणे, हे इच्छा पोचवणे की इच्छा पुरवणे? म्हणूनच या गोष्टी प्रयोगशाळेच्या आत ठरू नयेत, बाहेरच्यांनीही त्या बोलाव्यात. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाने २०२१ साली आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूतील व्यवहारांना आणि त्यांच्या माहितीला संरक्षण दिले, ते याच विचाराने.

माणसाच्या मेंदूतली पणती अजून लागायची आहे. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही हलका, आपला सुमारे तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. तेवढ्या प्रचंड वाड्यात उजेड पुरवायचा कसा, दिव्याच्या उष्णतेने पेशी पोळणार नाहीत याची काळजी घ्यायची कशी, आणि विषाणूच्या पाठीवरून एकदा आत गेलेले जनुक परत मागवता येत नाही त्याचे काय, हे प्रश्न पुढे उभे आहेत. डोळ्यांची वाट मात्र उघडली आहे, कारण तेथे उजेड आपणहून आत येतो. २०२१ साली फ्रान्समधून वार्ता आली की, डोळ्यांच्या पडद्याच्या रोगाने दृष्टी गेलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थाच्या डोळ्यात असे उजेडाचे दार बसवले गेले. शेवाळापासूनच घेतलेले, पण नारिंगी उजेडाला ओळखणारे. उजेड नेमका पुरवणारा खास चष्मा लावून तो टेबलावरची वही कोठे आहे हे सांगू लागला, आणि रस्त्यावरच्या पादचारी पट्ट्यांच्या पांढऱ्या रेघा त्याला दिसू लागल्या. दृष्टी अंधुकच, पण कित्येक वर्षांच्या काळोखानंतर रस्ता कोठून ओलांडावा एवढे दिसणे, ही काही थोडी गोष्ट नाही.

मामांच्या वाट्याला ही पणती येणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांच्यासाठी आहे ती तारच. तारेबद्दलही त्यांनी डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. डॉक्टर चांगले होते, त्यांनी हसण्यावारी नेला नाही. म्हणाले, ठोक्यांची मात्रा आम्ही बसवतो. पण एक लहान रिमोट तुमच्याजवळही राहील.

“त्यानं बंद करता येतं?” मामांनी विचारले.

“येतं.”

“मग चालेल,” मामा म्हणाले, आणि मामींकडे वळून पुढे म्हणाले, “कार्तिकी झाली की बघू. दिवाळीची कार्डं आधी पुरी होऊ देत.”

मुलाने यंदा छापील कार्डे आणून देतो म्हटले होते, ते मामांनी ऐकले नाही. माझे कार्ड परवाच्या टपालाने आले. त्यावर एक पणती आहे. तिची कड वेडीवाकडी आहे, आणि ज्योत तर वादळात सापडल्यासारखी नागमोडी झाली आहे. खाली मुंग्यांची रांग होती. भिंग आणून वाचले. ‘यंदा वारा फार आहे,’ असे मामांनी लिहिले होते, ‘तरी लावली आहे.’